एका दात्याचा फरक: व्हेरिटोचे टायमिंग बसवताना

आमची गाडी डिझेलवरची महिंद्रा व्हेरिटो आहे. हीच गाडी २००७ साली लोगन या नावाने नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात तयार होऊ लागली आणि रेनोबरोबरची भागीदारी संपल्यानंतर २०११ मध्ये तिला व्हेरिटो हे नाव मिळाले. इंजिन मात्र रेनोचे तेच राहिले, १४६१ सीसीचे, चार सिलिंडरांचे, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेले. आम्ही ती जुनी घेतली तेव्हा कागदपत्रांच्या फाइलमध्ये टायमिंग बेल्ट बदलल्याचे एका गॅरेजचे बिल होते, त्यामुळे त्या बाबतीत आम्ही निश्चिंत होतो. त्या बिलावरच्या तारखेला पुरेशी वर्षे उलटली आणि बेल्ट पुन्हा बदलण्याची वेळ आली, तेव्हा हे काम मी गाडी सोडून निघून न जाता शेवटपर्यंत सोबत राहून, बरेचसे स्वतःच्या हाताने केले. त्यात कॅमशाफ्टचे टायमिंग कसे तपासले आणि कसे बसवले हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण गाडीची एक जुनी तक्रार त्याच कामात उलगडली.

तक्रार अशी की, डिसेंबर-जानेवारीतील नाशिकच्या थंडीत सकाळी गाडी लवकर सुरू होत नसे. सेल्फ बराच वेळ मारावा लागे, मग ती चालू होऊन मागून धूर सोडी आणि थोड्या वेळाने सुरळीत होई. मुंबईहून परत येताना कसारा घाटात खालच्या आरपीएमला ती जड वाटे. टर्बोचा जोर आला की मात्र तक्रारीला जागा नसे. थंड इंजिन सुरू होण्याआधी आतून तापवणारे हीटर प्लग बदलून झाले, डिझेल फिल्टर बदलून झाला, स्कॅनर लावून पाहिला, त्यात बिघाडाचा कोणताही कोड नव्हता. गाडीचे वय झाले, असे एकदोघांनी सांगितले आणि ते पटण्यासारखेही होते. बेल्ट तर नुकताच बदललेला आहे, असे गृहीत धरल्यामुळे टायमिंगकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

हे टायमिंग म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे. क्रँकशाफ्ट पिस्टन वरखाली करतो आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. हवा घेणे, दाबणे, जळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार धावांमध्ये क्रँकचे दोन फेरे होतात, म्हणजे ७२० अंश, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक व्हॉल्व्हने एकदाच उघडायचे असते, म्हणून कॅमचा एकच फेरा व्हावा लागतो. त्यासाठी कॅमच्या दातेरी चाकाला क्रँकच्या चाकाच्या बरोबर दुप्पट दाते असतात आणि दोघांना बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट. या इंजिनात तोच बेल्ट वाटेत डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंपही फिरवतो. बेल्टचे काम केवळ फिरवण्याचे नाही; पिस्टन अमुक जागी असताना व्हॉल्व्ह अमुकच जागी असला पाहिजे, हे नाते लाखो फेऱ्यांमध्ये अंशाचाही फरक न पडू देता सांभाळण्याचे आहे.

ते नाते तुटले तर काय होते, हे डिझेल इंजिनात फार कठोरपणे दिसते. डिझेल पेटते ते हवा दाबून तापल्यामुळे, त्यामुळे पिस्टन अगदी वर आला की हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे व्हॉल्व्ह असलेले झाकण, आणि पिस्टन यांच्यामध्ये जागा जवळजवळ उरतच नाही. अशा वेळी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला खड्डे पडतात, कधी कॅमशाफ्टच मोडतो आणि हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बेल्ट तुटण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. पण बेल्ट शाबूत असून एका दात्याने पुढे-मागे बसलेला असला तर गाडी चालतच राहते आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. क्रँकच्या चाकाला २० दाते असतील असे धरले, तर एका दात्याचा अर्थ क्रँकचे १८ अंश असा होतो. कॅम तेवढा मागे राहिला तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पिस्टन वर चढू लागला तरी तो थोडा उघडाच असतो, आत घेतलेली काही हवा आल्या वाटेने परत जाते आणि दाबायला कमी हवा उरते. वेगात हे फारसे जाणवत नाही; थंड इंजिन सेल्फवर हळूहळू फिरत असताना मात्र तेवढी हवा गेली की पेटण्यापुरती उष्णता तयार होत नाही. आमच्या गाडीची लक्षणे यात तंतोतंत बसत होती, पण ते काम उघडेपर्यंत हा केवळ तर्क होता.

माझी नोकरी सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात झाली. जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही, हे गेजने ठरवायचे, नजरेने नाही, ही सवय तिथली. त्यामुळे काम ठरवण्याआधी मी इंजिनाचे रिपेअर मॅन्युअल मिळवून ते पाठ होईपर्यंत वाचले. त्यात रेनोने या इंजिनासाठी दोन पिना सांगितल्या आहेत. एक आटे असलेली, ती ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाच्या, बाजूचा एक प्लग काढून आत फिरवून बसवायची. क्रँक हळूहळू फिरवत आणला की तो या पिनच्या टोकाला टेकून थांबतो आणि तीच त्याची टॉपची जागा, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर असतानाची. दुसरी साधी, गुळगुळीत. ती कॅमच्या चाकातल्या छिद्रातून आरपार जाऊन मागे हेडमधल्या छिद्रात बसते. क्रँक पहिल्या पिनला टेकलेला असताना दुसरी पिन हेडमध्ये बसली, तर टायमिंग बरोबर. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वॉटर पंप असे किट मिळाले, क्रँक पुलीचा नवा बोल्ट आणि आल्टरनेटरचा नवा बेल्टही घेतला. पिनांचा जोड वेगळा मागवावा लागला. किटच्या किमतीपुढे तो खर्च अगदी किरकोळ होता.

काम नाशिकच्याच अंबडमधल्या एका गॅरेजमध्ये करायचे ठरले. तिथले मिस्त्री तरुण आहेत, हात स्वच्छ आणि स्वभाव शांत. पिना पाहून ते म्हणाले, "काका, एवढं लागत नाही. जुन्या बेल्टवर आणि चाकांवर व्हाइटनरच्या खुणा करायच्या, दाते मोजून त्याच खुणा नव्या बेल्टवर उतरवायच्या आणि चढवून टाकायचा. मी कायम असंच करतो, आजवर एकही गाडी परत आली नाही." ही पद्धत सर्रास वापरली जाते आणि काळजीपूर्वक केली तर ती चुकीचीही ठरत नाही, फक्त एका अटीवर: जुना बेल्ट बरोबर बसलेला असला पाहिजे. खुणा जरूर करू, पण बेल्ट काढण्याआधी पिना लावून जुने टायमिंग एकदा पाहू, अशी विनंती मी केली आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली.

उजव्या बाजूचे पुढचे चाक काढले, मडगार्डच्या आतले प्लॅस्टिक काढले, गाडी स्टँडवर पक्की बसवली. या गाडीत बेल्टपर्यंत पोचायला उजव्या बाजूचे इंजिन माउंटिंग काढावे लागते, म्हणून आधी ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाचा भार तोलून धरला. ठोकळ्यावाचून जॅक लावला तर चेंबरचा पत्रा चेपतो. बॅटरीची वायर काढली, कुलंट बाहेर काढले, आल्टरनेटरचा बेल्ट उतरवला. हा बाहेरचा बेल्ट कडेने उसवायला लागला होता. तो साधा समजून लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, पण तो तुटला तर त्याच्या चिंध्या क्रँक पुलीच्या मागून आत शिरून टायमिंग बेल्टखाली जाऊ शकतात आणि मग नव्या टायमिंग बेल्टचाही उपयोग राहत नाही. हीटर प्लगही काढून ठेवले, म्हणजे हाताने इंजिन फिरवताना कॉम्प्रेशन आडवे येत नाही आणि पान्याला जाणवणारा प्रत्येक अडथळा खराच अडथळा आहे, याची खात्री राहते.

क्रँक पुलीचा बोल्ट सोडवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळली. पिन बसवून क्रँक अडवायचा आणि बोल्टवर जोर लावायचा, हा मोह अनेकांना होतो. ती पिन जागा दाखवण्यासाठी आहे, जोर पेलण्यासाठी नाही. तिच्यावर पाइप लावून ताकद दिली तर पिन वाकते किंवा ब्लॉकमधले आटे जातात, आणि वाकलेल्या पिनने पुढे दाखवलेली प्रत्येक जागा खोटी असते. आम्ही पाचवा गिअर टाकून, एकाला ब्रेकवर दाबून बसवून बोल्ट ढिला केला आणि मगच पिनांकडे वळलो.

इंजिन हाताने फिरवायचे ते फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने, या इंजिनात बेल्टच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उलटे फिरवले की बेल्टची ढील भलत्या बाजूला जाते आणि खुणा फसवतात. मिस्त्री पाना फिरवत होते आणि मी वर कॅमच्या चाकाकडे पाहत होतो. चाकातले छिद्र हेडमधल्या छिद्राच्या जवळ येऊ लागले तेव्हा त्यांना थांबवले, ब्लॉकचा प्लग काढला आणि पहिली पिन बोटाने आटे लावत पूर्ण आत बसवली. त्यानंतर पाना अगदी सावकाश, इंचाइंचाने. एका क्षणी पाना थांबला. धातूला धातू टेकल्याचा तो स्पर्श हाताला स्पष्ट कळतो, कॉम्प्रेशनसारखा स्प्रिंगदार नाही, एकदम निश्चित. क्रँक टॉपवर होता.

वर पाहिले तर कॅमच्या चाकातले छिद्र हेडमधल्या छिद्रासमोर नव्हते. टॉर्च तिरकी धरून पाहिली. चाकाच्या छिद्रातून मागे हेडचा सपाट धातू दिसत होता आणि एका कडेला हेडमधल्या छिद्राची काळी चंद्रकोर तेवढी उघडी होती. चाक अजून थोडे पुढे जायला हवे होते आणि ते जाऊ शकत नव्हते, कारण खाली क्रँक पिनला टेकला होता. कॅम मागे राहिला होता.

यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे मी ठरवले होते. ब्लॉकमधली पिन क्रँकच्या भलत्याच भागाला टेकून खोटा टॉप दाखवू शकते, किंवा ती पूर्ण आत गेलेली नसते. म्हणून पिन काढून तिचे टोक आणि लांबी पाहिली, छिद्रात कचरा नाही ना हे पाहिले, इंजिन पूर्ण फिरवून पुन्हा त्याच जागी आणले आणि पिन पुन्हा बसवली. निकाल तोच. मग चाकावर खडूने खूण करून किती सरकायला हवे ते मोजले: बरोबर एक दाता. मिस्त्री बराच वेळ त्या छिद्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी खुणा उतरवल्या असत्या, तर त्यांच्याबरोबर ही चूकही उतरली असती."

मला या सगळ्या अनुभवातून जे सांगायचे आहे ते त्यांच्या या वाक्यात आले आहे. खुणा उतरवण्याची पद्धत जुन्या बेल्टवर विश्वास ठेवते. जुना बेल्ट कोणी बसवला, कसा बसवला, घाईत टेन्शनर सोडताना तो एक दाता घसरला का, यातले काहीच आपल्याला ठाऊक नसते. पिना मात्र जुन्या बेल्टला विचारतच नाहीत. त्या थेट दोन्ही शाफ्टना ब्लॉकशी आणि हेडशी जोडतात, आणि ती छिद्रे कारखान्यात पाडलेली असतात. आमच्या इंजिनात बहुधा आधीच्या वेळी अशाच खुणा केल्या गेल्या असतील आणि बेल्ट चढवताना एक दाता चुकला असेल. ते गॅरेज कोणते आणि तिथे नेमके काय घडले, हे शोधण्यात मला स्वारस्य वाटले नाही, कारण एका दात्याने व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला नाही, हेच मोठे भाग्य होते.

आता प्रश्न कॅम पुढे नेण्याचा होता. इथे घाई केली तर नव्याने नुकसान होऊ शकते. क्रँक टॉपवर असताना पहिला आणि चौथा पिस्टन अगदी वर असतात; अशा वेळी बेल्ट उतरवून कॅम एकट्याने फिरवला तर उघडणारा व्हॉल्व्ह पिस्टनला टेकू शकतो. म्हणून टेन्शनर सोडून बेल्ट उतरवल्यावर आम्ही क्रँक पिनपासून पाव फेरा मागे घेतला. त्या स्थितीत चारही पिस्टन साधारण मध्यावर येतात आणि कोणताही व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी खाली मोकळी जागा असते. मग कॅमचे चाक हळूहळू पुढे घेऊन छिद्रावर छिद्र आणले. पिन आत गेली ती बोटाच्या जोराने, कुठेही न घासता, आणि हेडमध्ये खोलवर जाऊन बसली. त्यानंतर क्रँक पुन्हा पुढे आणून त्याच्या पिनला टेकवला. दोन्ही शाफ्ट आता जिथे असायला हवेत तिथे होते आणि दोघांमध्ये बेल्ट नव्हता. यापुढे बेल्ट चढवायचा तो ही स्थिती जराही न बिघडवता.

मधल्या वेळात वॉटर पंप बदलला. जुन्या पंपाचा शाफ्ट हाताने हलवला की किंचित खेळ जाणवत होता. त्याच बेल्टवर चालणारा पंप जुनाच ठेवणे हे मला कधीच पटलेले नाही. त्याचा बेअरिंग जाम झाला तर तो नव्या बेल्टलाच घेऊन जातो. क्रँकच्या आणि कॅमच्या ऑइल सीलभोवती बोट फिरवून पाहिले, दोन्ही कोरडे होते. तेल या बेल्टच्या रबराचा शत्रू आहे. क्रँकचे टोक, चाक आणि पुली जिथे एकमेकांवर बसतात ते पृष्ठभाग क्लीनरने पुसून अगदी कोरडे केले, कारण तिथली पकड बोल्टच्या दाबावर अवलंबून असते आणि मध्ये तेलाचा पातळ थर राहिला तरी ती कमी होते.

नवा बेल्ट हाताळण्याचीही एक शिस्त आहे. मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत कॅमशाफ्टसाठी असा दातेरी बेल्ट पहिल्यांदा वापरला तो जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ साली; तोवर साखळी किंवा गिअर असत. बेल्टला तेलाची गरज नाही, आवाज कमी आणि वजनही कमी. पण त्याची खरी ताकद रबरात नसून आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांमध्ये असते, आणि त्या ताणाला जितक्या कणखर, तितक्याच घडीला नाजूक. बेल्ट उलटा करून पाहिला, हातात पिळला किंवा खिळ्याला टांगताना घडी पडली, तर आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मी तो खोक्यातून बेल्ट चढवण्याच्या क्षणीच काढला. पाठीवरचे बाण फिरण्याच्या दिशेने ठेवले.

बेल्ट खालून, क्रँकच्या चाकापासून चढवायला सुरुवात केली. ओढीची बाजू, म्हणजे क्रँक ज्या बाजूने कॅमला ओढतो ती, कायम ताणलेली ठेवायची आणि जी काही ढील असेल ती सगळी टेन्शनरच्या बाजूला ढकलत न्यायची, हे यातले मर्म आहे. ओढीच्या बाजूला अर्ध्या दात्याची ढील जरी राहिली, तरी इंजिन फिरताच ती ताणली जाते आणि कॅम तेवढा मागे पडतो. पिना लावून बसवलेले टायमिंग पिना काढल्यावर चुकते ते यामुळेच. हाय प्रेशर पंपाच्या चाकाची खूणही मॅन्युअलप्रमाणे जुळवली. या इंजिनाच्या कॉमन रेल पद्धतीत, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचे डिझेल मिळते त्या पद्धतीत, डिझेल कधी फवारायचे हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो आणि पंप केवळ दाब तयार करतो, त्यामुळे पंपाची जागा कॅमइतकी जीवघेणी नाही; तरीही जी खूण दिली आहे ती जुळवण्याला पर्याय शोधू नये. शेवटी बेल्ट टेन्शनरवर सरकवला, एलन की घालून टेन्शनर फिरवला आणि त्याचा हलता काटा ठरवून दिलेल्या जागी आणून नट कसला. बेल्ट बोटांनी पिळून ताण ठरवण्याची जुनी रीत या टेन्शनरला लागू नाही. काटा जे सांगतो तेच खरे.

त्यानंतर पिना काढल्या. हे विसरून पाना मारला किंवा सेल्फ दिला तर काय होईल, हे सांगायला नको, म्हणून मी दोन्ही पिना मोजून बोनेटवर सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या. पुली जुन्या बोल्टने तात्पुरती लावून इंजिन हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवले. दोनच का, तर तेवढ्यात कॅमचा एक फेरा पूर्ण होतो, प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो आणि कुठे काही अडत असेल तर ते हाताला कळते, सेल्फला कळण्याआधी. या फेऱ्यांमध्ये मध्येच कडक काही लागले तर जोर न लावता थांबायचे, एवढाच नियम. आम्हाला काही लागले नाही.

या ठिकाणी मिस्त्रींनी एक शंका काढली, ती बऱ्याच जणांना येते. दोन फेऱ्यांनंतर बेल्टवर छापलेल्या रेषा चाकांच्या खुणांवर परत आल्या नव्हत्या. त्या तशा येतही नाहीत. बेल्टच्या एकूण दात्यांची संख्या आणि चाकांच्या दात्यांची संख्या यांचा मेळ इतक्या थोड्या फेऱ्यांत बसत नाही, त्यामुळे बेल्ट प्रत्येक वेळी वेगळ्या जागी असतो. बेल्टवरच्या रेषांचे काम चढवतानाच संपते. नंतर पाहायची ती फक्त चाकांची जागा, म्हणजे पुन्हा पिनाच.

पिना पुन्हा लावल्या. क्रँक टेकला, कॅमची पिन छिद्रात गेली, पण टेन्शनरचा काटा आपल्या जागेवरून थोडा सरकला होता. नवा बेल्ट दात्यांमध्ये बसताना हे होतेच आणि त्यासाठीच मॅन्युअल फेऱ्यांनंतर ताण पुन्हा पाहायला सांगते. टेन्शनर एलन कीने धरून ठेवत नट सैल केला, काटा जागेवर आणला, नट टॉर्क पान्याने कसला, पिना काढल्या आणि पुन्हा फेरे दिले. या वेळी काटा हलला नाही आणि कॅमची पिन पहिल्यासारखीच बोटाने, न घासता आत गेली. मिस्त्रींनी ती स्वतः काढली आणि स्वतः परत घालून पाहिली.

पुढचे काम जोडणीचे होते. क्रँक पुलीला नवा बोल्ट लावला. तो कसताना आधी ठरावीक टॉर्क आणि त्यावर ठरावीक अंश असे दोन टप्पे आहेत, आणि दुसऱ्या टप्प्यात बोल्ट मुद्दामच किंचित ताणला जातो, म्हणून जुना बोल्ट परत वापरायचा नसतो. अंश मोजायला आम्ही बोल्टच्या डोक्यावर आणि पुलीवर रंगाच्या रेषा ओढल्या. माउंटिंग, कव्हर, आल्टरनेटरचा नवा बेल्ट आणि हीटर प्लग बसवले, कुलंट भरून हवा काढली.

सेल्फ दिल्यावर इंजिन पटकन धरले. पण गरम दुपारी धरण्यात विशेष काही नव्हते, खरी परीक्षा पहाटेच्या थंडीची होती आणि त्या हंगामात ती रोजच झाली. हीटर प्लगचा दिवा विझला की गाडी एका सेल्फमध्ये सुरू होऊ लागली आणि मागचा धूर नाहीसा झाला. कसारा घाट चढताना खालच्या गिअरमधला जडपणाही गेला; गाडी नवी झाली असे मी म्हणणार नाही, पण ज्या जागी ती गुदमरे तिथे आता गिअर बदलावा लागत नाही.

काढलेला बेल्ट मी घरी आणून भिंगाखाली पाहिला. पाठीवर भेगा नव्हत्या, दाते शाबूत होते, छपाईही वाचता येत होती. तो उघड्यावर ठेवून कोणाला दाखवला असता तर अजून चालेल असेच कोणीही म्हणाले असते, आणि नुसत्या पाहण्यावरून बेल्टचे आयुष्य ठरवू नये ते यासाठीच. सर्व्हिस पुस्तकात किलोमीटर आणि वर्षे दोन्ही दिलेली असतात आणि जे आधी पूर्ण होईल ते पाळायचे असते. टेन्शनरचा बेअरिंग मात्र कानाजवळ धरून फिरवला तेव्हा कोरडा खरखर आवाज देत होता.

त्या पिना आता मिस्त्रींकडेच आहेत. या इंजिनाच्या गाड्या नाशिकमध्ये अजून बऱ्याच आहेत आणि त्यांच्याकडे बेल्टसाठी जी येते तिचे जुने टायमिंग ते आधी पिना लावून पाहतात. आमच्या गाडीच्या बेल्ट कव्हरवर आम्ही एक पक्का स्टिकर लावला आहे. त्यावर तारीख, किलोमीटर, बेल्टचा आणि वॉटर पंपाचा पार्ट नंबर, पुढच्या बदलाचे वर्ष आणि त्याखाली मिस्त्रींच्या अक्षरात एक ओळ आहे: टायमिंग पिनवर तपासले, जुने एक दाता मागे होते.